जुना की नवा, हात वर करा

चार माणसं पाच वर्षं एकाच खोलीत सिनेमे बघत बसली की किस्से साचतातच. पलंगाखालच्या चपलांसारखं असतं ते. एक शोधायला वाकावं तर भलत्याच तीन हाताला लागतात. आमच्या मंडळाचे निम्मे किस्से मी हसत सांगतो. उरलेले सांगायचे नव्हते, पण आता वाकलोच आहे.

मंडळ म्हणजे बोळिंजच्या आमच्या कॉम्प्लेक्सचं क्लबहाउस, एक प्रोजेक्टर आणि रविवारची सकाळ. वेड एकच, काउबॉयचे सिनेमे. पाटकर सर अध्यक्ष, कॉलेजातून रिटायर झालेले. प्रोजेक्टर शिरीषचा, तो बँकेत. मी सेक्रेटरी, म्हणजे वही माझ्याकडे. चौथे इनासकाका. ते कॉम्प्लेक्समधले नव्हेत. आगाशीच्या वाटेवर त्यांची केळीची वाडी आहे. चर्चमधली मिस्सा आटोपून सायकलवरून येत, येताना केळ्यांची एक फणी आणत.

पद्धत ठरलेली. एका रविवारी जुना सिनेमा, पुढच्या रविवारी त्याचाच नव्याने काढलेला. मग दिवे लावून सर विचारणार, "जुना की नवा? हात वर करा." निकाल मी वहीत लिहायचा. पाच वर्षांत नव्याला एकही मत पडलं नव्हतं.

*

एकदा नवा सिनेमा सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि लाइट गेली. अर्धा तास वाट पाहिली. शेवटी सर म्हणाले, "मतदान उरकून घेऊ."

चारही हात जुन्याला. इनासकाका हात वर ठेवूनच म्हणाले, "शेवट कळला असता तर बरं झालं असतं."

"इनास, नव्याचा शेवट बघायचा नसतो," सर म्हणाले, "सोसायचा असतो!"

*

एका रविवारी प्रोजेक्टरची वायर सैल होती. चित्रातला रंगच गेला, सगळं काळंपांढरं. सरांना वाटलं, शिरीषने जुनाच लावलाय. पंधरा मिनिटं सावल्यांवर बोलले. "आजच्या लोकांना ही सावली जमेल का?"

शिरीष घाबरून गप्प. मीही गप्प. सरांचं चुकलं हे सांगायची आमच्यात रीत नव्हती.

इनासकाका म्हणाले, "सर, हा नवा आहे. जुन्यातल्या घोड्याच्या बरगड्या दिसत होत्या. हा दाणा खाऊन आलाय."

सर दोन रविवार त्यांच्याशी बोलले नाहीत. केळी मात्र खाल्ली.

*

गेल्या उन्हाळ्यात पडद्यावर वाळवंट चालू होतं. हिरोच्या ओठांना भेगा पडलेल्या. तेवढ्यात वॉचमन दारात आला, "साब, टँकर आया." शिरीष कमिटीवर, तो व्हॉल्व्ह उघडायला पळाला.

इनासकाकांनी विचारलं, "हा टँकर भरतो कुठं, माहीत आहे?"

माहीत होतं. त्यांच्या वाडीला लागून एक बावखल आहे, आमच्याकडच्या वाड्यांत असतं तसं मोठं उघडं तळं. त्याच्यावर सात-आठ वाड्या जगतात. टँकरवाल्याने शेजारच्या वाडीत पंप बसवला होता आणि तो दिवसभर चालायचा. गोडं पाणी उपसलं की खालून खारं चढतं. काकांच्या केळीची पानं कडेने करपायला लागली होती.

"यंदा पानी तोंडात धरवत नाही," ते म्हणाले. नेहमी आमच्याशी ते जपून 'पाणी' म्हणत.

सर म्हणाले, "फार वाईट." आणि शिरीष परत आल्यावर सिनेमा पुढे चालू झाला.

*

मग आला तो सिनेमा. जुना. एका गावातला ओढा बडा जमीनदार अडवतो आणि एक म्हातारा शेतकरी एकटा त्याच्यासमोर उभा राहतो. गाव खिडक्या लावून घेतं. म्हातारा ओढ्याकाठीच मरतो. खिडक्या बंद त्या बंदच.

दिवे लावले तर शिरीष चष्मा पुसत होता. सरांचा आवाज कापत होता. "गोळी जमीनदाराने झाडली, पण मारलं त्या खिडक्यांनी!" मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. अजून आहे.

इनासकाका म्हणाले, "मंगळवारी माझ्या अर्जाची सुनावणी आहे. पंप बंद करायचा. टँकरवाला म्हणतो, इथून पाणी जातच नाही. तुमच्यापैकी कोणी येऊन एवढंच सांगा, की टँकर तिथून येतो. वाड्या वाचतील."

आम्ही तिघेही हो म्हणालो. लगेच म्हणालो. सरांनी तर त्यांचा हात हातात घेतला.

*

सोमवारी संध्याकाळी कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर मेसेज आला: पाण्याच्या विषयात कोणी बाहेर काही बोलू नये, टँकर बंद झाल्यास कमिटी जबाबदार नाही.

मंगळवारी सरांचं बीपी वाढलं. शिरीषकडे ऑडिट निघालं. मी दोन बादल्या पाण्याने आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात बूट बांधत होतो. बायको म्हणाली, "जा. पण चौथ्या मजल्यावर पाणी मग तूच चढव."

मी बूट काढले. अकरा वाजता काकांचा फोन आला. मी तो वाजू दिला. दोनदा. तिसऱ्यांदा आला नाही, तेव्हा मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाज मला अजून वाटते.

अर्ज निकालात निघाला. पुरावा नाही.

*

पुढच्या रविवारी त्याच सिनेमाचा नवा अवतार होता. इनासकाका येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो. ते आले. केळी नव्हती. नेहमीच्या खुर्चीत बसले.

नव्यात म्हातारा ओढ्यावर उभा राहतो, आणि एक खिडकी उघडते. मग एक दार. मग कोणी बंदूक घेऊन, कोणी फावडं घेऊन, अख्खं गाव त्याच्यामागे येऊन उभं राहतं. म्हातारा जगतो, ओढा वाहतो.

सर खुर्चीतल्या खुर्चीत कण्हले. "धादांत खोटं! वाट लावली सिनेमाची." शिरीष म्हणाला, "शेवट अगदीच बाळबोध." मी दिवे लावले.

"जुना?"

सरांचा हात, शिरीषचा, माझा. मी आकडा लिहिला आणि वही मिटली. नव्याला कोणी हात वर करतं का, हे बघायची सवयच नव्हती.

इनासकाकांचा हात वर होता.

सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "इनास, अहो, पटला तुम्हाला हा शेवट? अशी माणसं असतात का कुठे?"

"नसतात, सर," इनासकाका म्हणाले.

हात त्यांनी खाली घेतला नाही. मी वही परत उघडली आणि लिहिलं, नवा: एक.