धनसिंगचं तळं

शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर धनसिंग पावऱ्याला मान होता, तो एका गोष्टीमुळे. गावतळ्याला जागा कुणी द्यायची यावर दोन उन्हाळे नुसत्या बैठका झाल्या होत्या. शेवटी त्याने आपल्या उताराच्या वावरातला अर्धा एकर देऊन टाकला, बदल्यात काही मागितलं नाही. त्याची बायको चमेलीबाई वीस वर्षं नदीतल्या झिऱ्यावरून डोक्यावर पाणी आणत होती. तिने एवढंच विचारलं, "पानी टिकी का?"

पाणी टिकलं. पहिल्याच वर्षी होळीनंतरही तळ्यात कमरेएवढं पाणी होतं. बायका तिथेच धुणी धुवू लागल्या, गुरांची वणवण थांबली. तुझं तळं भरलं रे, असं कुणी म्हटलं की धनसिंग लाजायचा आणि म्हणायचा, "मनं नही. हाई पानी बठ्ठा गावनं शे."

तिसऱ्या पावसाळ्यात आरोग्यसेवक समाधान गप्पी मासे घेऊन आला. मासे सोडून झाल्यावर त्याने काठच्या गवतात लांब दांड्याचा एक पांढरा डाव बुडवला आणि धनसिंगपुढे धरला. पाण्यावर बारीक काड्या आडव्या तरंगत होत्या. डाव हलला तशा त्या वळवळल्या.

"आबा, या हिवतापाच्या डासांच्या अळ्या. मधल्या मासे खातील, पण या गवतात मासे शिरत नाहीत. काठ दर आठवड्याला साफ करायला हवा. तुम्ही सांगितलं तर गाव ऐकेल."

"तठे बकऱ्या चरतस, भाऊ," धनसिंग म्हणाला. "पोळा होऊ दे, मग बघू."

पोळा झाला. मग निंदणी आली, मग उडीद काढणी. गवत मांडीला लागू लागलं. समाधान आणखी दोनदा येऊन सांगून गेला. धनसिंगने दोन्ही वेळा मान हलवली.

दसऱ्याच्या आसपास पाड्यावर ताप सुरू झाला. चमेलीबाई एका दुपारी कापसाच्या ओळीतच बसली. अंगावर दोन गोधड्या घालूनही तिची थंडी जाईना. समाधानने बोट टोचून पट्टीवर रक्त घेतलं. हिवतापच निघाला, तोही वाईट जातीचा. तीन दिवसांच्या गोळ्या देऊन तो बजावून गेला की एकही चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी तिला घाम फुटून अंग गार पडलं. तिसऱ्या सकाळी ती वेचलेला कापूस टाकायचा ओटा कमरेला बांधून दारात उभी राहिली. "ताप उतरी गया. कापूस येचाले जास मी."

कापूस बोंडातून लोंबत होता आणि आभाळ भरून आलं होतं. धनसिंग तिला थांब म्हणाला नाही. तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या फडताळावर राहिल्या. त्या त्याला नंतर सापडल्या.

पाचव्या दिवशी तिला बोलणं उमजेना. नवऱ्याला ती आपल्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारू लागली. गाडी करून तिला शिरपूरला नेलं, तिथून धुळ्याला पाठवलं. नरडाणा मागे पडल्यावर धनसिंगच्या मांडीवरचं तिचं डोकं एकदम जड झालं. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला.

दहावं झाल्यावर पाड्याची बैठक बसली. घराघरात माणसं पडून होती. जीवराम, तळ्यासाठी सगळ्यात आधी कुदळ मारणारा, तोच म्हणाला की बांध फोडून टाकू, नको ते पाणी. कुणी विरोध केला नाही. सगळे धनसिंगकडे पाहू लागले. वावर त्याचं होतं आणि बायकोही त्याचीच गेली होती.

धनसिंग जमीन उकरत होता. मग म्हणाला, "चूक पानीनी नही. काठनं गवत मी वाढू दिधं." तो उठून गेला. बांध कुणी फोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो विळा घेऊन पाण्यात उतरू लागला. पहिले काही आठवडे जीवराम आणि दोघे-तिघे सोबत आले, मग आपापल्या कामाला लागले. धनसिंग चुकला नाही. पायांची कातडी पांढरी पडून सोलवटली, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. बायका पाणी भरायला आल्या की त्याच्याशी बोलायला बघायच्या. तो फक्त हुंकार द्यायचा. पूर्वी तो संध्याकाळी बांधावर बसायचा, तेही त्याने सोडलं होतं.

पुढच्या वर्षी दिवाळीला समाधान वही घेऊन तळ्यावर आला. पांढऱ्या डावात त्याला अळी सापडली नव्हती. तो खुशीत होता.

"आबा, यंदा पाड्यावर हिवतापाचे तीनच निघाले. तिघंही बरे आहेत."

"गेल्या साली कितला होतात?" धनसिंगने पाण्यातूनच विचारलं.

"एकोणीस," समाधान म्हणाला, आणि त्यात चमेलीबाई होती हे आठवून त्याने वही मिटली.

धनसिंगने मान हलवली आणि हातातला ओला भारा काठावर टाकला.