राजाच्या गालावरची तीट

नातसुनेनं बाळाच्या गालाला काजळाची तीट लावली, आणि एरंडेलाच्या त्या वासासरशी मी थेट धुळ्याच्या मांडवात जाऊन बसले.

माझ्या थोरल्या भावाला लढाईत पदक मिळालं होतं. तोफांच्या माऱ्यातून दोन जखमी शिपाई त्यानं पाठीवर वाहून आणले होते. धुळ्याला गोरा साहेब त्याचा सत्कार करणार होता. निघताना माय काजळाची डबी घेऊन आडवी आली. एवढ्या लोकांत लेकाला नजर लागेल म्हणून.

भाऊ मिशीला पीळ देत म्हणाला, "माय, मी फौजी शे."

मायनं डबी कनवटीला खोचली. पण अमळनेरहून मोटारीत बसल्यावर भाऊ पेंगला, तेव्हा तिनं त्याच्या छातीवरच्या पदकालाच तीट लावली. पदकावर राजाचा मुखडा होता. तीट नेमकी त्याच्या गालावर बसली.

साहेब पदक बघायला वाकला आणि थबकला. दिवसच असे होते की राजाच्या तोंडाला काळं म्हणजे सरळ तुरुंग. तोफांना न डरलेला भाऊ दोन पावलं मागे सरताना मी पाहिला.

माय उठून पुढे गेली. "साहेब, तीट मी लाई. राजा बी कोना तरी पोऱ्या शे. त्याले बी नजर लागस."

कारकुनानं ते इंग्रजीत सांगितलं. साहेब पोट धरून हसला आणि आपल्या रुमालानं राजाचा गाल स्वच्छ पुसला. आमचा जीव भांड्यात पडला. मायचा चेहरा मात्र उतरला.

दोनच वर्षांत राजाचं राज्य गेलं. गावभर पेढे वाटले. माय पेढा हातात धरून एवढंच म्हणाली, "ती तीट पुसाले नको व्हती."