नात्याचा रकाना

धारूरच्या बाजारात ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या त्या गृहस्थाने मला वठणीवर आणले, असे लोक सांगतात. ते साफ खोटे आहे. एका बोटाने टंकलेला प्रत्येक शब्द तो मोठ्याने वाचतो, त्यामुळे दुकानात खोळंबलेल्या साऱ्यांना कळले की माझ्या मुलाच्या फ्रेंच मैत्रिणीच्या व्हिसासाठी मी निमंत्रणपत्र देत आहे. नात्याच्या रकान्यात मी ‘ओळखीची’ असे सांगितले. त्याचे बोट थांबले.

“आबा, नुसत्या वळखीवर कोन बोलावतंय इतक्या लांबून? व्हिसा न्हाई मिळायचा. होनारी सून लिहू का?”

मागे कुणीतरी खोकले.

“लिव,” मी म्हणालो.

त्याने तेही खणखणीत वाचले, दोनदा. दुसऱ्यांदा वाचायला मीच सांगितले होते, हे मात्र कुणी सांगत नाही.