पुढं जाणारा माणूस

‘बरं. कुणीतरी लागतंच की,’ असं म्हणून तो फासा उचलायचा, बुशशर्टाच्या टोकाला पुसायचा आणि पुन्हा एकदा वैद्य व्हायचा. गोष्ट कुठल्याही राज्यातली असो, वैद्य तोच.

घोडेगावात आमचा असला खेळ चालायचा म्हटलं तर लोक अजूनही माझ्याकडे संशयाने बघतात. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. वकिलांचा मोहन पुण्यात इंजिनिअरिंगला होता. हॉस्टेलवरून त्याने एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स आणि वीस बाजूंचा फासा आणला. मोहन गोष्ट सांगणार, आम्ही त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, ‘मी आता असं करतो’ म्हणून तोंडाने सांगायचं आणि जमलं की फसलं ते फासा ठरवणार. रविवारी दुपारी सुरेशच्या मेडिकलच्या माळ्यावर, सलाईनच्या खोक्यांवर बसून आम्ही राक्षस मारायचो. मी तेव्हा स्टँडसमोरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. आणि चौथा तो.

तो गुरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होता. जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची, डॉक्टर रजेवर असले की शिव्याही खायच्या. मूळचा आणे गावच्या पठारावरचा, मेंढपाळ घरातला. जुन्नर तालुक्याच्या त्या टोकाचा माणूस आमच्या आंबेगाव तालुक्यात नोकरीला आला म्हणून गाव त्याला ‘पावणं’ म्हणायचं. कानावरचे केस पिकले तरी तो पावणंच राहिला. आम्ही वयाने लहान, त्याला अहो-जाहो करायचो. लिहिताना मात्र तो एकेरीतच येतो, तेवढं चालवून घ्या.

खेळाआधी प्रत्येकाने कोण व्हायचं ते ठरवायचं असे आणि त्यातच निम्मी दुपार जायची. लढवय्या, जादूगार, चोर, वैद्य, वाटाड्या, अशी मराठी नावं मोहननेच दिली होती. सुरेशला दर वेळी लढवय्या व्हायचं असायचं. आठवडाभर खोकल्याची औषधं देणाऱ्या माणसाला रविवारी तलवार हवी असते, यात काही नवल नाही. मी जादूगार. वैद्य व्हायला कुणी राजी नसे, कारण वैद्याने मागे राहून दुसऱ्यांच्या जखमा बांधायच्या. आणि वैद्य नसला तर टोळी पहिल्याच गुहेत संपते.

‘पावणं, तुम्ही वैद्य. तुमचं तर रोजचंच काम,’ सुरेश म्हणायचा.

‘आवं, म्हणून तर नको म्हंतोय. आठवडाभर बैलाच्या खुरात हात घालायचा आन रईवारी बी त्येच?’

‘मग काय व्हायचंय?’

‘वाटाड्या,’ तो म्हणायचा. मग आमच्या तिघांच्या तोंडाकडे बघायचा. कुणीच वैद्य व्हायला तयार नाही हे त्याला दिसायचं आणि मग ते ठरलेलं ‘बरं’ यायचं.

वाटाड्याच का, हे त्याने एकदा जिन्यात बिडी ओढताना मला सांगितलं. दिवाळी झाली की त्यांची मेंढरं माळशेज उतरून कोकणात जायची. मेंढरं, घोडी, बायकापोरं, सगळा संसार, त्याला ते वाडा म्हणत. या वाड्याच्या दोन मुक्काम पुढे एक माणूस एकटा चालत असतो. पाणी कुठे आहे, कुणाचं वावर रिकामं आहे, खतासाठी मेंढरं बसवून घ्यायला मालक राजी आहे का, हे बघून तो मागे निरोप धाडतो. आधी त्याचे वडील पुढे जायचे, नंतर थोरला भाऊ. हा शाळेत हुशार निघाला म्हणून घरच्यांनी कौतुकाने नोकरीला लावला.

‘समदा वाडा त्येच्या शब्दावर चालतो, भाऊ. आन म्होरं कुणीच नसतं. निस्ती वाट,’ तो म्हणाला. ‘एक डाव तरी जायाचंय मला.’

एका दिवाळीच्या सुट्टीत मोहनने जाहीर केलं, यंदा पावणं वाटाड्या. वैद्य नसला तर नसला, मेलो तर मरू. त्या दुपारी तो धुतलेला शर्ट घालून आला होता.

असा वाटाड्या त्या इंग्रजी पुस्तकाने कधी पाहिला नसेल. मोहन रंगात येऊन घनदाट अरण्याचं वर्णन करतोय आणि हा विचारतोय, ‘रान कुणाचंय?’

‘कुणाचंच नाही. जंगल आहे.’

‘मालक नाय आसं कुटं आसतंय, राव? न इचारता बसलो तर सकाळी भांडान.’

मोहनने कपाळाला हात लावला. पण हा हटेना. शेवटी मोहनला त्या अरण्यात एक झोपडी उभी करावी लागली आणि झोपडीत एक म्हातारा मालक बसवावा लागला. पावण्याने त्याच्याशी बोलणी केली, पाणी बघितलं, दोन रात्री मुक्काम ठरवला. आम्ही हसून हसून खोक्यांवरून पडायचे बाकी होतो. तो हसत नव्हता. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नाही.

मग मोहनने मागे राहिलेल्या आमच्यावर राक्षस सोडले. माझे मंत्र संपले, सुरेशचा लढवय्या रक्ताच्या थारोळ्यात पडला. वैद्य नव्हताच. मोहन पावण्याकडे वळला. ‘तुम्ही घाटमाथ्यावर पोचलाय. खाली समुद्र दिसतोय. आता काय करता?’

त्याने फासा पुसला, पण टाकला नाही. ‘माघारी फिरतो.’

‘अहो, पण मागे काय झालंय ते तुम्हाला कळलेलंच नाही. तुम्ही दोन मुक्काम पुढे आहात.’

‘कळतंय,’ तो म्हणाला.

तो माघारी आला आणि त्याने कसलासा पाला बांधून सुरेशला वाचवलं. पुढच्या रविवारी मोहनने विचारायच्या आधीच म्हणाला, ‘वैद्यच द्या.’ त्या दुपारचं मला अजून वाईट वाटतं. फक्त खेळ होता, समुद्रापर्यंत गेला असता तर काय बिघडलं असतं?

पुढच्या वर्षी त्याने खऱ्या वाटेची तयारी केली. भाऊ कबूल झाला, रजा मंजूर झाली. आणि निघायच्या तोंडावर वडिलांना लकवा झाला. भावाला मेंढरांमागे जाणं भागच होतं, म्हणून म्हातारा घोडेगावात याच्या खोलीवर आला. तो आणि त्याची बायको मिळून म्हाताऱ्याचं सगळं करायचे. मी भेटायला गेलो तेव्हा तो वडिलांची कूस बदलत होता. म्हणाला, ‘म्होरल्या साली जाऊ. मेंढरं काय पळून चालली व्हय?’

म्हातारा त्याच्या हातांखाली आणखी कितीतरी वर्षं जगला. तेवढ्या काळात मोहन बंगळुरात गेला, मी पुण्यात आलो, माळा सुरेशच्या खोक्यांनी भरला. तिकडे पठारावर बिबट्या कळपात शिरू लागला, भावाची पोरं चाकणला कंपनीत लागली आणि भावाने मेंढरं विकून टाकली. वडील गेल्यानंतर तो मला स्टँडवर भेटला. ‘आता मोकळा झालो, भाऊ,’ म्हणाला, ‘तर मेंढरंच नायती.’ मी काहीतरी बोललो असेन. काय बोललो ते आठवत नाही.

तो गेल्याचं सुरेशने फोनवर कळवलं. हार्ट अटॅक, गुरांच्या दवाखान्यातच, कामावर असताना. दहाव्याला मी आण्याला गेलो. विधी उरकल्यावर त्याचा थोरला भाऊ माझ्याशेजारी येऊन बसला.

‘ह्या दिवाळीनंतर गेला व्हता की तो कोकणात,’ भाऊ म्हणाला.

‘कुणाबरोबर?’

‘एकलाच. रजा टाकली, घोंगडी घेतली आन आमच्या जुन्या वाटंनं पायी गेला. म्या म्हणलं, जाऊ दे, जीव रमंल त्येचा. आला आन पंधरवड्यात ह्ये आसं झालं. काल मला फोन आला. खालचा एक शेतकरी हाय, त्येच्या वावरात आमची मेंढरं सालोसाल बसायची. म्हणला, तुमचा भाऊ येऊन गेला. पानी बघितलं, वावर बघितलं, दोन राती बोलून गेला. मेंढरं मागनं येत्यात म्हणला. आमी वावर मोकळं ठेवलंय, आजून कशी आली न्हाईत?’

‘मग तुम्ही काय सांगितलंत?’

भावाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

‘काय सांगनार? म्हणलं, वाटंत हायेत.’