तेवीस ठिपके आणि आत्याची बकरी

वाघ-बकरीच्या डावात आत्यानं कधीही वाघ घेतला नाही. पटावर ठिपके तेवीस, वाघ तीन आणि बकऱ्या पंधरा. वाघ उडी मारून बकरी खातो. बकऱ्या एकेक करून बसवायच्या, आणि पंधराच्या पंधरा बसल्याशिवाय एकीलाही हलता येत नाही. मग त्यांनी वाघांना कोंडायचं. “खाणाऱ्याला अक्कल लागत न्हाय,” ती म्हणायची, “कोंडणाऱ्याला लागती.”

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी, निरवांगीला परत आली आणि पुढची पंचेचाळीस वर्षं चूल, गोठा आणि आम्ही भावंडं एवढ्यातच राहिली. मी सगळं मोजतो म्हणून तिनं मला मोजणीदार म्हणायला सुरुवात केली. “मोजणीदार, भाकरी किती झाल्या?” असं ती विचारायची आणि मी आकडा सांगायचो.

तिच्याकडे जुन्या खेळण्यांचं एक गाठोडं होतं. लाकडी सोंगट्या, एक चाक उरलेला मातीचा बैल आणि तिच्या आईचे सात सागरगोटे. एकदा ते गोटे माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “ह्यात काय दिसतं?”

“सात.”

“हात्तिच्या! अरं, गड्यांचा पट देवळाच्या पायरीत कोरलाय. गडी उठून गेला तरी डाव तितंच. बाईचा खेळ ओच्यात मावंल एवढाच. हाक आली की उचलायचा.”

ती म्हणत होती ती आमच्या वस्तीवरच्या देवळाची तिसरी पायरी. तिथं दुपारभर पुरुष वाघ-बकरी खेळायचे. आत्या हा खेळ शेरडं राखताना शिकली, मातीत रेघा ओढून. त्या पायरीवरून बायका जात-येत, बसत नसत.

पुढे ती न्हाणीत पडली. बारामतीला खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी तिला इंदापूरला आमच्या घरी आणलं. घर दुसऱ्या मजल्यावर, खाली उतरायला एकतीस पायऱ्या. आठ महिन्यांत ती एकदाही उतरली नाही. खिडकीतून एसटी वळताना दिसायची, तेवढंच. “आता मी वाघ झाले,” ती म्हणाली. “चारी अंगांनी बकऱ्या.” त्या बकऱ्यांत मीही होतो. पडशील, नको उठू, हे दिवसातून दहा वेळा मीच म्हणायचो.

अशात गावाकडून कळलं, देवळाला फरशी बसवणार. आत्यानं माझा हात धरला. “ती पायरी फरशीखाली जायच्या आत तिच्यावर बसून एक डाव खेळायचाय. नेशील?”

मी पुढच्याच रविवारी जाऊन गवंड्याला पायरी दाखवली. चूक नको म्हणून पटाच्या चार कोपऱ्यांना तांबड्या ऑइलपेंटचे चार ठिपके दिले. हा दगड सोडायचा, असं बजावलं. त्यानं मान डोलावली.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. शेजारच्या दोघांनी आत्याला खुर्चीसकट खाली आणलं. देवळात सगळीकडे चकचकीत फरशी होती. तिसरी पायरी मात्र जशीच्या तशी. तिच्यावर शेंदूर, झेंडूचा हार, भोवती स्टीलची जाळी आणि जाळीला कुलूप.

“आजी, लांबूनच,” गुरव म्हणाला. “जागृत जागा हाय.”

“कवापासनं?”

“गवंडी बदलला. नव्याला दगडावर तांबडे ठिपके दिसले. फरशी ठोकायची छातीच झाली न्हाय त्याची.”

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. “मोजणीदार, किती ठिपके?”

“चार,” मी म्हणालो.

ती खुर्चीत हलेपर्यंत हसली. मग हसू ओसरलं आणि तिनं जाळी दोन्ही हातांनी धरली. मी खरं सांगायला तोंड उघडलं.

“गप,” ती हळूच म्हणाली. “सांगितलंस तर उद्या फरशी बसंल.”

गुरवाची पाठ वळल्यावर तिनं ओच्यातून एक सागरगोटा काढला आणि जाळीतून आत टाकला. तो गडगडत जाऊन एका ठिपक्याच्या खळग्यात थांबला. “माझी पयली बकरी,” ती म्हणाली. गुरवानं वळून पाहिलं आणि हात जोडले.

त्यानंतर त्या एकतीस पायऱ्या ती एकदाच उतरली, आमच्या खांद्यांवरून.

आता तिथं बायका नवसाला सागरगोटे वाहतात. का, ते कुणालाच ठाऊक नाही. गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा सवयीनं मोजले. चौदा होते. आत्याचे उरलेले सहा माझ्या खिशात होते. त्यातला एक काढला आणि जाळीतून आत टाकला.