पद्माक्काचा हात

सुजाताचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. बेळगावात कॅम्पच्या बाजूला दोन खोल्यांत माझा नृत्याचा वर्ग चालतो, सकाळी सातला शाळकरी पोरी येतात. सुजाता म्हणजे पद्माक्काच्या भाच्याची बायको, निपाणीला असते. ती म्हणाली, "ताई, आत्ती गेल्या. पहाटे, झोपेतच." आणि मी म्हणाले, "बरं." काय बोलले बघा... बरं! फोन ठेवला, पोरींना म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून," आणि त्यांचे पाय चालू झाल्यावर माझी नजर गेली ती पुढच्या रांगेतल्या श्रेयाच्या टाचांवर. दोन्ही टाचा फुटलेल्या, एका भेगेत लाल दिसत होतं. माणूस गेल्याची बातमी ऐकून मी पोरीच्या टाचा बघत उभी होते. तेव्हा कुठं मला रडू आलं, कारण नाचणारीच्या चेहऱ्याआधी टाचा बघायची ही खोड मला पद्माक्कानंच लावलेली.

आज या गोष्टीला सहा आठवडे झाले. पेपरच्या या पुरवणीत लिहिते आहे ते आठवणी सांगण्यासाठी तर आहेच, पण त्यात एक कबुली आहे. ती मी पद्माक्काला द्यायला हवी होती. तिला दिली नाही, म्हणून आता तुम्हाला देते आहे. याचा तिला काडीचा उपयोग नाही हे मला कळतं.

पद्माक्का चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातली. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती निपाणीला भावाकडे आली. भाऊ तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस. गल्लीतल्या लग्नांत नवऱ्या मुलींना उटणं लावायला तिला बोलवायचे, आडून बोलवायचे खरं तर, कारण विधवेचा हात नवरीला लागलेला उघड चालायचा नाही. आमच्या मास्तरांनी एकदा अशीच एक नवरी बघितली आणि तडक आक्काच्या भावाच्या दारात जाऊन उभे राहिले. मास्तरांचा नृत्यसंच होता. जत्रा, गणपती, कॉलेजांची गॅदरिंग असे कार्यक्रम आम्ही करायचो, लावणी आणि लोकनृत्य. भाऊ भडकला, वहिनी रडली. पद्माक्का म्हणाली म्हणे, "पोरींची कातडी जळाय लागल्याय त्या रंगानं, मी जाते." पांढऱ्या पातळातली ही बाई, कपाळाला टिकली नाही की केसांत फूल नाही, आणि आम्हा आठजणींना नटवायला तीस वर्षं संचात राहिली.

नटवायला हे मी उगीच म्हणतेय. तिचा जीव नटवण्यात नव्हताच. "रंग लावाय कुणीबी येतंय गं," ती म्हणायची, "उतरवाय कोण येत न्हाय." कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या घरी फेरी मारायची, एकेकीचा कान ओढून मागं बघायची. कानामागं पॅनकेकच्या रंगाचा डाग सापडला की झालंच! साबण तिला चालायचा नाही. कोमट खोबरेल आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतराचं फडकं. घुंगरांखाली जुन्या सुती पातळाची पट्टी बांधल्याशिवाय ती उठू द्यायची नाही. अंबाडा घट्ट ओढून ओढून आमचं कपाळ मोठं व्हायला लागलं तर एरंडेल घेऊन बोटांच्या टोकांनी केसांच्या मुळाशी इतकं हळू चोळायची की माझा डोळा लागायचा. तिच्या कुठल्याच लेपात मध नसायचा, तिच्या धर्मात बसत नाही म्हणून. आणि सूर्य बुडायच्या आत ती जेवायची, म्हणून आम्हालाही जेवायला लावायची. कुणी कुरकुरलं तर "साकु!" म्हणून ओरडायची. पुरे म्हणायचं असलं की तिचं कानडी बाहेर यायचं.

टाचांसाठी तिचं औषध एकच, कोकमतेल. लोंढ्याकडची एक बाई बाजाराला यायची, तिच्याकडून थिजलेल्या तेलाचे मुठीएवढे गोळे आणायची. गोळ्यावर अंगठा घासायचा, उबेनं जेवढं सुटेल तेवढंच घ्यायचं आणि भेगेत भरायचं. वरून मोजे. "तोंड लोक बगत्यात, पाय तुलाच वागवायचंत," असं म्हणत माझा पाय मांडीवर घ्यायची. विधवा असो, वयानं मोठी असो, तिला पाय मांडीवर घ्यायला कधी कमीपणा वाटला नाही. मला मात्र पहिल्यांदा इतकं लाजल्यासारखं झालं की मी पाय ओढून घेतला आणि तिच्या हनुवटीला लागला. पाच मिनिटं हसत होती.

आता ते सांगते.

मी एकोणीस वर्षांची होते. बेळगावच्या नाट्यगृहात आमचा मोठा कार्यक्रम ठरला होता आणि मास्तरांनी मधली जागा मला दिली होती. मी सावळी. तालमीत मास्तर सहज म्हणाले, "लाइटात तू मागं जातीस बघ." ते लाइटाची बाजू बदलायचं बोलत होते, हे मला आता कळतं. तेव्हा मी ऐकलं ते एवढंच की मी काळी आहे. मैत्रिणीनं बेळगावातून एक पांढरी डबी आणून दिली, वर ना नाव ना गाव. पंधरा दिवसांत गोरी होशील म्हणाली. संचात मास्तरांचा नियम होता, बाहेरचं काही तोंडाला लावलं तर घरी बसायचं. मी चोरून लावत राहिले. आणि झालेही हो गोरी! आईसुद्धा म्हणाली, तोंडावर तेज आलंय. मग डबी संपली. कार्यक्रमाला चार दिवस होते. पद्माक्कानं नेहमीसारखं मसूर डाळ, चंदन आणि संत्र्याच्या सालीचं उटणं आम्हा सगळ्यांना लावलं. डबीतल्या मलमानं कातडी पातळ झालेली, माझ्या तोंडाची आग आग झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात बघितलं तर लालभडक चेहरा, गालांवर पुटकुळ्या.

तालमीच्या खोलीत सगळे जमले. मास्तरांनी विचारलं, "काय लावलंस तोंडाला?" आक्का माझ्या समोर उभी होती. मी म्हणाले, "आक्काचं उटणं."

दोन शब्द. मी मुळातली तोंडाळ, भांडायला कुणाच्या बापाला भ्याले नाही. पण त्या दिवशी या दोन शब्दांपुढं माझं तोंड उघडलं नाही. खोटं तर नव्हतं ना, उटणं लावलंच होतं... असं मी स्वतःला सांगत राहिले.

पद्माक्का भांडली नाही. तिनं वाटी उचलली, वास घेतला, उरलेलं उटणं सगळ्यांसमोर स्वतःच्या गालाला थापलं आणि भिंतीला टेकून बसली. दुसऱ्या दिवशी तिचा गाल जसाच्या तसा. बाकीच्या सात पोरींनाही काही झालं नव्हतं. मास्तरांनाही शंका आली असावी, ते म्हणाले, "आक्का, तुमचं काय चुकलं न्हाई वाटतं." आणि ही बाई माझी बाजू घेऊन स्वतःशीच भांडायला लागली! "माझी कातडी जून झाली मास्तर. तिची कवळी. साल नीट वाळली नसंल. माझंच चुकलं." मी तिथंच उभी होते. तेव्हा बोलायचं होतं. ती डबी मी त्याच दुपारी वखारीमागच्या ओढ्यात टाकून आले.

कार्यक्रमात मधली जागा दुसरीला गेली, त्याचं मला आज काही वाटत नाही. पण त्यानंतर चेहऱ्याचं काम कोल्हापूरहून येणारी एक मुलगी करू लागली आणि पद्माक्काकडे राहिले केस आणि पाय. हे मास्तरांनी सांगितलं नव्हतं, तिनंच मागून घेतलं होतं. माझं तोंड बरं होईपर्यंत ती रोज आमच्या घरी यायची. दारात उभी राहून माझ्या आईला सांगायची, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवा, कोरफडीचा गर लावा, असं नको, हलक्या हातानं. स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं. आई म्हणायची, "आक्का, तुम्हीच लावा की." ती मान हलवायची. सव्वा महिना आली, एकदाही तिनं माझ्या तोंडाला हात लावला नाही.

आणि तेव्हापासूनच तिची ती नवी सवय सुरू झाली. काहीही कालवलं, अगदी साधं कोकमतेल का असेना, आधी स्वतःच्या मनगटाच्या वर आतल्या बाजूला बोटभर लावायचं आणि एक दिवस थांबायचं. मगच आम्हाला. नव्या पोरींना वाटायचं, काय पण काळजी घेते आक्का! तिच्या हातावरचा तो पट्टा दिसला की मी दुसरीकडं बघायची. तो कुठून आलाय हे त्या खोलीत मला एकटीलाच माहीत होतं. पुढं माझं लग्न झालं, मी बेळगावला आले, वर्ग काढला. तिच्याकडं जात राहिले, फळं नेली, साडी नेली, दुखण्यात दवाखान्यात बसले. सगळं केलं. तेवढं एक सोडून.

यंदा उन्हाळ्यात तिची तब्येत ढासळल्याचं कळलं आणि मी ठरवलं, बस झालं, आता सांगायचं. बसमध्ये वाक्य जुळवत गेले. पद्माक्का सोप्यात खाटेवर बसली होती, अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं.

"आलीस व्हय? पाय बघू," म्हणाली.

"आक्का, पाय राहू दे. मला एक सांगायचंय तुला."

"सांग की. पर पाय दाव आधी."

मी पाय वर घेतला आणि तिचा हात पुढं आला तेव्हा बघितलं. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, पिवळा पट्टा. सुजाताच्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि शहात्तर वर्षांच्या या बाईनं नवरीसाठी उटणं कालवून आधी आपल्या हाताला लावलं होतं.

मी म्हणाले, "आक्का, अजून हे करतेस?"

ती हसली. "माझ्या हाताचा भरवसा न्हाय गं. तुला तर ठावंच हाय."

बसमध्ये जुळवलेलं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. सुजाता चहा घेऊन आत-बाहेर करत होती. आक्का माझ्याकडे बघत होती, तिला माझ्यावर कसलाही राग नव्हता. आणि मी म्हणाले, "आक्का, पाच वाजून गेले. जेवून घे, दिवस बुडेल." ती म्हणाली, "व्हय की, बरं आठवण केलीस." सुजाताच्या हाताला धरून ती आत गेली. मी तिचं जेवण होईपर्यंत थांबले आणि साडेसहाच्या बसनं परत आले. एवढी भेकड मी कधी नव्हते... आणि बघा, होतेच.

ती गेल्यावर दहा दिवसांनी निपाणीला गेले. सुजातानं तिची स्टीलची डबी माझ्या हातात दिली. "तुम्हालाच द्यायची म्हणून ठेवली होती त्यांनी." मग जरा घुटमळून म्हणाली, "लग्नात पोरीला त्यांनी हात लावला नाही ताई. उटणं मलाच लावायला सांगितलं. म्हणत होत्या, माझ्या हातानं एकीचं तोंड बिघडलंय."

मी सुजाताला तिथंच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी डबी घेतली आणि आले.

तर ही कबुली. पद्माक्काच्या हातानं कुणाचंही तोंड बिघडलं नव्हतं. ते मी बिघडवलं, चोरून, आणि नाव तिचं घेतलं. ज्या हाताला आठ पोरींचे चेहरे सांभाळायची कला होती, त्या हाताला मी आयुष्यभर संशयात ठेवलं. निपाणी-चिकोडीकडच्या ज्या कुणी तिच्याकडून कधी उटणं लावून घेतलं असेल, त्यांनी हे वाचावं. सुजातानंही वाचावं, म्हणून ही पुरवणी मी स्वतः घेऊन तिच्याकडे जाणार आहे.

डबीत फार काही नव्हतं. धोतराच्या फडक्याच्या चार घड्या, अंबाड्याचे आकडे, एक लाकडी कंगवा आणि कोकमतेलाचा अर्धा गोळा. गोळ्याच्या एका बाजूला खोलगट झालेलं आहे, तिच्या अंगठ्यानं घासून घासून. माझा अंगठा त्यात बसत नाही, तिचा बारीक होता. महिनाभर मी तो तसाच ठेवला. वापरला तर खळगा जाईल म्हणून. मग परवा श्रेया लंगडत वर्गाला आली आणि मला आक्काचं ओरडणं ऐकू आल्यासारखं झालं.

मी श्रेयाला खाली बसवलं, तिचा पाय मांडीवर घेतला. ती लाजून पाय ओढायला लागली, मी धरून ठेवला. गोळ्याच्या खळग्यावर अंगठा घासला. तेल सुटलं. आणि ते टाचेकडे न्यायच्या आधी माझा हात आपोआप वळला, मी ते माझ्या मनगटाच्या वर, आतल्या बाजूला लावलं.

"बाई, तुमच्या हाताला का?" श्रेयानं विचारलं.

ती बारा वर्षांची आहे. तिला काय सांगायचं, असं वाटलं. पण मग तिचा पाय मांडीवर तसाच ठेवून मी सांगायला सुरुवात केली, पांढऱ्या डबीपासून.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचं काहीच चुकलं नव्हतं ना बाई? मग लावा की."

मी माझा हात पुसला आणि तिच्या भेगेत तेल भरलं.