शेवटचा शब्द कोणावर

भाचीला घेऊन लहान मुलांचा एक विनोदी सिनेमा बघायला गेले होते. सिनेमा म्हणजे काय, तर एक राजा भर दरबारात सारखा पादतो, एवढंच. मुलं खुर्च्यांवर उभी राहून खिदळत होती. मोठी माणसं मात्र हसू आलं की आधी शेजाऱ्याकडे चोरून बघायची, तो हसतोय का ते. माझंही तेच चाललं होतं. हसायला आपण कधीपासून परवानगी मागायला लागलो, कोण जाणे.

रांगेच्या टोकाला कडक इस्त्रीच्या शर्टातले एक आजोबा नातवाला दटावत होते, "शी, असल्या गोष्टींना हसतात का?"

इतक्यात पडद्यावर मोठा आवाज झाला आणि प्रधान ओरडला, "कोण तो?"

झालं. असला गुन्हेगार मुलं कसा शोधतात, ते घरोघरी ठाऊक आहे. भाची उठली आणि मोजणीचं ते बिनअर्थाचं गाणं म्हणत, शब्दागणिक एकेकावर बोट ठेवत, सगळ्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत निघाली. बाकीच्या मुलांनी सूर धरला. आम्ही मोठी माणसं श्वास रोखून बसलो.

शेवटचा शब्द आजोबांवर आला.

आजोबांनी भाचीकडे बघितलं, मग नातवाकडे. सावकाश उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "मीच."

एवढं हसू बिचाऱ्या राजाला अख्ख्या सिनेमात मिळालं नव्हतं.